रंगूदादाचा घोडा आणि वामन गुरुजी

वामन गुरुजी माझे सहकारी होते, शेजारी होते आणि मला आजवर भेटलेल्या माणसांत सगळ्यात भित्रे होते. हे मी एकदा त्यांच्या तोंडावर म्हटलंही होतं. ते रागावले नाहीत. तपकिरीची चिमूट नाकाशी नेऊन म्हणाले, "बाई, हळू बोला. भिंतीपलीकडं कोणी असन."

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी मलकापूरची, म्हणजे रेल्वेगाड्यांच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची लहानपणापासून सवय. पहिली नोकरी लागली ती धाड नावाच्या बाजारगावापासून आत, जिथे दिवसातून एक बस यायची आणि तीही मनात आलं तर. शाळेत आम्ही दोघंच. मोठी मुलं गुरुजींकडे, लहान माझ्याकडे. राहायला मला त्यांनी आपल्याच घराची एक खोली दिली होती. त्यांची बायको शांताकाकू बोलकी आणि कामाची, आणि नवऱ्याला पुरती ओळखून असलेली. "तुमचे गुरुजी ना, सावलीलेबी विचारून पाय टाकतेत," असं ती चुलीपाशी बसून मला सांगायची.

ते खरंच होतं. गुरुजी रस्त्याच्या कडेकडेने चालायचे. वाटेत दोन माणसांचं भांडण लागलं की त्यांना शाळेतलं विसरलेलं काहीतरी आठवायचं आणि ते परत फिरायचे. कुणी काही ठाम विचारलं, पाऊस होईल का, सरपंच कोण व्हावा, भाजीत मीठ जास्त झालं का, सगळ्याला उत्तर एकच, "पाहू." पोरांवर मात्र त्यांचा मोठा दरारा. "काऊन बे, डोक्यात सरकी भरली का?" असं विचारलं की वर्ग चिडीचूप. पोरांसमोरची ती ऐट शाळेच्या फाटकाबाहेर कुठे जायची, कुणास ठाऊक.

त्यांचा थोरला भाऊ रंगनाथ. सारं गाव त्याला रंगूदादा म्हणे. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. थोडं वावर होतं आणि एक पांढरा घोडा होता. आजूबाजूच्या गावांतल्या वराती त्या घोड्यावरूनच निघायच्या. घोड्याचं नाव फौजदार. तो चालायचाच तसा, मान वर करून, जणू सगळ्यांचे गुन्हे त्याला ठाऊक आहेत. लहानपणी वडिलांच्या तट्टाने गुरुजींचा दंड चावला होता, तेव्हापासून त्यांना घोड्याची धास्ती. फौजदार समोरून आला की आमचे गुरुजी भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, आणि रंगूदादा हसून म्हणायचा, "वामन्या, सलाम ठोक. साहेब येऊन राह्यले." हसता हसता त्याला खोकला यायचा. कोरडा, तुटक खोकला. त्या खोकल्यावरून रंगूदादा कुठल्या गल्लीत आहे ते कळायचं.

मी गावात आले त्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात ती वरात झाली. नदीकाठच्या बौद्धवाड्यातला उत्तम, घरचं थोडं वावर कसणारा, अंगाने दणकट पोरगा. त्याचं लग्न ठरलं, आणि त्याची आई रंगूदादाकडे घोडा मागायला आली. रंगूदादाने विचार केला नाही की कुणाला विचारलं नाही. वरात वेशीतून, गावाच्या मोठ्या गल्लीने निघाली. नवरदेव घोड्यावर आणि लगाम धरून पुढे स्वतः रंगूदादा. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं हाताची घडी घालून उभी होती. लगाम रंगूदादाच्या हातात नसता तर त्या दिवशी काय झालं असतं, मला अजून सांगता येत नाही.

गुरुजी त्या दिवशी सकाळीच धाडला निघून गेले होते. शाळेचं काम होतं म्हणे. सुट्टीच्या दिवशी कसलं काम, ते मी विचारलं नाही, शांताकाकूनेही विचारलं नाही.

पुढे गावाने रंगूदादाला वाळीत टाकलं असं कुणी म्हणालं नाही. लोक नुसते त्याच्याकडे जायचे थांबले. लग्नाला घोडे दुसरीकडून येऊ लागले. पेरणीच्या वेळी त्याला कुणाची बैलजोडी मिळेना. आणि गुरुजींनीही भावाच्या घरी जाणं बंद केलं. भांडण नाही, शब्द नाही, काही नाही. शांताकाकू चोरून भाकरी पाठवायची. गुरुजींना ते ठाऊक होतं, पण त्यावरही ते "पाहू" म्हणाल्यासारखे गप्प राहत. दोन-तीन वर्षं हे असंच चाललं, आणि एका हिवाळ्यात, ज्वारी कापणीला आली होती तेव्हा, रंगूदादा खोकत खोकतच गेला.

अग्नी गुरुजींनीच दिला. दहाव्याला सगळं गाव नदीवर जमलं. माणूस मेल्यावर यायला कुणाला काही अडचण नव्हती. पिंड मांडले आणि कावळा काही शिवेना. समोर बाभळीवर चांगले पाच-सहा कावळे बसलेले, पण एकही खाली उतरेना. मग नेहमीसारखं सुरू झालं. कुणी हात जोडून म्हणालं, रंगूदादा, तुह्या वावराची काळजी करू नको. कुणी म्हणालं, तुह्या नावानं पाणपोई घालू. कावळे ढिम्म. ऊन चढत चाललं होतं. लोक एकमेकांकडे बघत होते, कारण खरं काय अडलंय ते सगळ्यांनाच ठाऊक होतं आणि ते बोलणारा कुणी नव्हता. शेवटी गुरुजी उठले, पिंडापुढे उभे राहिले, एकदा मागे वळून गर्दीकडे बघितलं आणि म्हणाले, "दादा, फौजदाराले मी संभाळीन. जीव असेपर्यंत संभाळीन." त्यांचं बोलणं संपतं न संपतं तोच एक कावळा खाली झेपावला. बायका रडायला लागल्या.

तेव्हापासून गावाने ठरवून टाकलं की रंगूदादाचा जीव घोड्यात अडकला आहे. तेरवीला फौजदार गुरुजींच्या दारात बांधलेला होता. जेवायला येणारा प्रत्येक जण घोड्यासाठी काही ना काही घेऊन आला. भिजवलेले हरभरे, गूळ, घरात ठेवणीतला गहू, ताटातल्या पुऱ्या. ज्यांनी रंगूदादाला बैलजोडी दिली नव्हती त्यांनी पायल्या भरून आणलं. एकेक जण घोड्याच्या तोंडाशी टोपली धरायचा, कपाळाला हात लावायचा आणि हलका होऊन जेवायला बसायचा. शांताकाकूने दोनदा म्हटलं, "आता पुरे करा म्हना, त्याचं पोट पाहा." गुरुजी म्हणाले, "आता कोणाले नाही म्हनू? एकाचं घेतलं, दुसऱ्याचं काऊन नाही म्हनतीन." फौजदार खातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घोडा जागेवरून हलेना. पुढचे दोन्ही पाय पुढे ताणलेले, सगळं अंग मागच्या पायांवर रेललेलं, नाकपुड्या फुललेल्या. एक पाऊल टाकायचं म्हटलं की सगळं अंग थरथरायचं. मी खुराला हात लावून पाहिला. तापल्या तव्याजवळ हात नेल्यासारखा तो गरम होता.

धाडच्या जनावरांच्या दवाखान्यातून डॉक्टर आले. तरुण आणि स्पष्ट बोलणारे. त्यांनी सुई दिली, खूर ठोकून पाहिले आणि गुरुजींना समजावून सांगितलं. "दाणा फार झाला. त्याचा ताप खुरांत उतरला आहे. आतलं मांस सुजलंय आणि बाहेरून नख टणक, सूज जाणार कुठे? ही सूज वाढली तर नखाची आतली पकड सुटते आणि पायाचं हाड खाली उतरतं. मग जनावर उभं राहत नाही. दाणा पूर्ण बंद. नुसतं वाळलं गवत. नाल काढून घ्या. पाय थंड पाण्यात ठेवा आणि खाली मऊ जागा हवी. या असल्या जमिनीवर ठेवलंत तर वाचणार नाही." मग जरा थांबून म्हणाले, "फार हाल होत असतील तर मला बोलवा. मोकळं करता येतं."

गुरुजी "पाहू" म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "नाही. ते नाही." मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

मऊ जागा आणायची कुठून? आमच्याकडची काळी जमीन हिवाळ्यात वाळून दगड होते, आणि गल्ल्या तर मुरमाच्या. त्या दुपारी उत्तम दारात आला. तेरवीला तो लांब कडुनिंबाखाली उभा होता, जेवायला कुणी बोलावलं नव्हतं. ओट्याखाली उभं राहूनच म्हणाला, "गुरुजी, आमच्या वावराखाली पैनगंगेची वाळू हाये. पानीबी वाहतं हाये. फौजदाराले तिकडं आना."

"तिकडं" म्हणजे बौद्धवाड्याला लागून. गुरुजी त्या बाजूला कधी गेले नव्हते. त्यांनी गल्लीच्या दोन्ही टोकांना बघितलं, आणि म्हणाले, "पन तो चालन कसा?"

तो चालला तो पोत्यांवरून. उत्तम आणि त्याच्या वस्तीतली माणसं रिकामी पोती आणि कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, पाट्या घेऊन आली. घोड्यापुढे पोती अंथरायची, वर कुटार पसरायचं, त्यावर त्याने दोन पावलं टाकायची, की मागची पोती उचलून पुन्हा पुढे. ज्या गल्लीने उत्तमची वरात निघाली होती, त्याच गल्लीने हे चाललं होतं. ओट्यांवर पुन्हा तीच माणसं उभी. गुरुजी पोती उचलून पुढे आणत होते, धोतर धुळीने माखलेलं, आणि खाली मान घालून कुणाकडेच बघत नव्हते. अर्ध्या वाटेत एका ओट्यावरून एक म्हातारा खाली उतरला आणि आपल्या घरची दोन पोती टाकून परत वर गेला. नदी गाठायला संध्याकाळ झाली.

मग त्यांचा नवा दिनक्रम सुरू झाला. शाळेच्या आधी नदी, शाळा सुटली की नदी. नालबंदाने नाल काढून खुराच्या टोकाचं नख कानशीने घासून कमी केलं होतं. तळव्याखाली कापसाची जाड गादी ठेवून वर गोणपाट बांधायचं, ते ओलं झालं की बदलायचं. घोडा पाण्यात उभा असेल तर त्याच्यापाशी उभं राहायचं, आडवा झाला तर अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून दोघा-तिघांनी मिळून कूस बदलायची. वाटलं होतं, चार दिवसांत गुरुजी हे उत्तमवर सोपवतील. त्यांनी सोपवलं नाही. पण फौजदार त्यांना जवळ येऊ देईना. गोणपाट बांधायला वाकले की कान मागे टाकून दात दाखवायचा, आणि गुरुजी मागे सरायचे, गाठ अर्धीच राहायची.

"तुमच्या अंगाचा वास ओळखीचा नाही त्याले," उत्तमची आई म्हणाली. "रंगूभाऊची कोपरी हाये का घरात? ते घाला."

कोपरी होती. न धुतलेली, रंगूदादाच्या घामाची, खुंटीवरची. शांताकाकूने नाक मुरडून आणून दिली. गुरुजींनी ती अंगात घातली, आणि त्या दिवशी फौजदाराने पहिल्यांदा त्यांच्या खांद्यावर तोंड टेकवलं. गुरुजी डोळे मिटून उभे राहिले. ओठ हलत होते. पळून मात्र गेले नाहीत.

पण त्या कोपरीचं पुढे जे झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. दिवेलागणीला नदीवरून परत येणारे गुरुजी पाठमोरे हुबेहूब रंगूदादा दिसायचे. मुळात भाऊच ते, ठेवण एकच, पण इतकी वर्षं ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कारण एक जण रस्त्याच्या मधून चालायचा आणि दुसरा कडेने. आता गुरुजी घोड्याच्या विचारात मधूनच चालत यायचे. एकदा दारात रांगोळीचा डबा घेऊन उभी असलेली शांताकाकू त्यांना पाहून किंचाळली. मला धीर देणारी ती बाई, तिला मी पाणी पाजून बसवलं.

मग खोकला सुरू झाला. पाण्यात तासन् तास उभं राहून सर्दी झाली असेल, असं मी म्हणायची, आणि मला ते पटायचंही. पण तो खोकला कोरडा होता, तुटक होता. वर्गात खोकल्याचा आवाज आला की मोठी पोरं चपापून दाराकडे बघायची. एकदा मी शाळेच्या ओसरीत वह्या तपासत होते, गुरुजी माझ्या समोर बसले होते, आणि खोकला ऐकू आला. गुरुजींचं तोंड बंद होतं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"ऐकलं ना तुमी?" त्यांनी विचारलं.

"मुलांपैकी कुणी असेल," मी म्हणाले. शाळा तेव्हा सुटून गेली होती.

फाल्गुनात घोडा फार खालावला. दोन दिवस तो उठलाच नाही. डॉक्टर येऊन गेले आणि म्हणाले, उद्यापर्यंत बघा. मी संध्याकाळी गुरुजींसाठी डबा घेऊन गेले. ते वाळूत बसले होते, फौजदाराचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. मावळतीने पाणी लाल झालेलं. मी डबा ठेवला आणि थोडी लांब बसले.

"बाई, तुमी दहाव्याले नदीवर होत्या ना?"

"होते."

"मले घोड्याचं बोलायचंच नव्हतं." ते घोड्याच्या कपाळावरून हात फिरवत होते. "मले म्हनायचं होतं, दादा, माहं चुकलं. ओठापर्यंत आलं होतं. मागं पाह्यलं, तं सारा गाव उभा. मंग तोंडातून घोडाच निंघाला."

मी म्हणाले, "पण कावळा शिवला, गुरुजी."

"तेच तं." त्यांचा आवाज एकदम पोरासारखा झाला. "त्यानं तेवढ्यावर मानून घेतलं. त्याले ठाऊक होतं, या वामन्याच्यानं याच्यापेक्षा जास्त होत नाही. आन् आता हेबी झालं नाही तं? मी कुठी जाऊ, बाई?"

मला रडू आलं आणि रंगूदादाचा रागही आला. मेलेल्या माणसाने तरी याला एवढं धरून का बसावं, असं वाटलं. मी म्हणाले, "जेवून घ्या."

ती रात्र त्यांनी तिथेच काढली, उत्तमही होता. सकाळी निरोप आला की घोडा उठला. उठला म्हणजे, गुडघ्यांवर आला, पडला, पुन्हा आला आणि उभा राहिला. गुरुजी त्या दिवशी शाळेत आले ते थेट वर्गात जाऊन खुर्चीवर झोपले, आणि पोरांनी, ज्यांच्या डोक्यात सरकी भरलेली होती त्यांनी, सुटीपर्यंत एकही आवाज केला नाही.

बरं होणं फार हळू होतं. आजारी जनावराचं नख वरून नवं येतं आणि जुनं खाली सरकत जातं. फौजदाराच्या खुरांवर एकाखाली एक अशा वळ्या उमटल्या होत्या. दर महिन्याला टोक घासायचं. आधी वाळूत चार पावलं, मग वस्तीपर्यंत, मग उत्तमच्या बांधावरून एक फेरी. दाणा नाहीच. कुणी पदराखालून गूळ आणला तर गुरुजी सरळ म्हणायचे, "नाही चालनार. न्या परत." सरपंचाच्या बायकोलाही म्हणाले. बौद्धवाड्यात ते आता चहा प्यायचे, उत्तमच्या पोरीला खांद्यावर घेऊन पाढे म्हणवून घ्यायचे. गावाला ते दिसत होतं, आणि गुरुजींना गाव बघतंय हेही दिसत होतं. मला वाटलं, सुटला हा माणूस. पण खोकला काही थांबला नव्हता, आणि भावाच्या बंद घरावरून जायची वेळ आली की ते मागच्या बोळाने वळसा घ्यायचे.

माझी बदली मलकापूरला झाली ती पुढच्या हिवाळ्यात. शांताकाकूने ओटी भरली. गुरुजी सकाळपासून दिसले नव्हते, म्हणून मी जरा रुसूनच बसमध्ये बसले. माझी ट्रंक चढवायला उत्तम आला होता, तो टपावर दोरी बांधत होता. बस उभी राहायची ती नेमकी रंगूदादाच्या घरासमोर. ड्रायव्हर चहाला गेलेला, बस भरलेली, पारावर नेहमीची मंडळी, न्हाव्यापुढे एक जण अर्ध्या दाढीने बसलेला.

तेवढ्यात मोठ्या गल्लीतून फौजदार येताना दिसला. आपल्या पायांनी, थोडा लंगडत, पण मान वर. नदीवरून गावात तो पहिल्यांदाच येत होता. मागे दोर धरून गुरुजी. मला निरोप द्यायला तोही आणला असावा, त्यांचे डोळे बसकडेच होते. पण घोड्याला बसशी देणंघेणं नव्हतं. तो सरळ रंगूदादाच्या घराकडे वळला, दारापाशी गेला आणि दाराला कपाळ लावून उभा राहिला.

दाराला कुलूप होतं. किल्ली गुरुजींच्याच कनवटीला असायची, हे सगळ्या गावाला माहीत होतं. गुरुजींनी दोर ओढून पाहिला. घोडा हलला नाही. त्यांनी मागे वळून बघितलं. पार, न्हावी, बस, बसच्या खिडक्यांतली सगळी तोंडं. मी मनात म्हटलं, आता दोन दणके देऊन ओढून नेतील बिचाऱ्याला.

गुरुजींनी दोर खाली सोडला. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, पायरी चढले, आणि कुलपासकट कडी वाजवली.

"दादा," ते म्हणाले. पोरांसमोरसुद्धा त्यांचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "दादा, मी वामन. माहं चुकलं. उत्तमच्या लग्नाच्या दिवशी मी धाडले पळून गेलो. काही काम नव्हतं. मी भेलो होतो. तू एकटा लगाम धरून चालला आन् मी तुह्या दारात पाय ठेवला नाही. दार उघड."

टपावर दोरीचा आवाज थांबला होता. गुरुजी टोपी हातात धरून थांबले. आत म्हातारं माणूस असलं, त्याला उठायला वेळ लागतो हे ठाऊक असलं, की आपण जसं थांबतो तसे. ड्रायव्हर चहा संपवून आला, त्याने एकदा तिकडे बघितलं आणि बराच वेळ बस सुरू केली नाही.

शेवटी बस सुटली. मी मागच्या काचेकडे धावले. घोडा तसाच उभा होता. गुरुजींनी दाराला कान लावला होता.